मॉरिशस: मूळ रहिवासीच नसलेल्या देशात वस्ती झाली कशी?

दर्यावर्दी

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे एक तर हनिमूनची पॅकेजं आठवतात, नाही तर 'लघुभारत' म्हणून कौतुक सुरू होतं. या कौतुकाचा मला हल्ली कंटाळा आलाय, कारण त्यात निम्मा इतिहास गायब होतो. म्हणून हा धागा.

मुळात या बेटाला मूळ रहिवासी नाहीत. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कोणीच नाही. १५९८ मध्ये डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, १६३८ मध्ये पहिली वसाहत मांडली आणि १७१० पर्यंत कंटाळून गाशा गुंडाळला. त्यांची वस्ती कधी काहीशेच्या वर गेलीच नाही. मागे उरलं काय, तर जावाहून आणलेला ऊस, जावाचीच हरणं आणि तोडलेली आबनुसाची रानं. डोडो पक्ष्याचा निकाल याच काळात लागला.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं आणि 'इल द फ्रान्स' असं नाव ठेवलं. १७३५ मध्ये आलेल्या माहे द ला बूर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुई शहर उभं केलं, असं पुस्तकात असतं. उभं केलं ते मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांनी, आणि सोबत पाँडिचेरीकडच्या तमिळ कारागिरांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर पाच माणसांत चार गुलाम होती. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. पण शरणागतीच्या अटींत फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतीरिवाज राखण्याचं वचन होतं, आणि इंग्रज तिथे राहायला म्हणून फारसे आलेच नाहीत. राज्य इंग्रजांचं, जमीन आणि साखर फ्रेंचांची. दीडशेहून जास्त वर्षं इंग्रजी अंमल असूनही आज रस्त्यावर क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) आणि वर्तमानपत्रात फ्रेंच का, याचं उत्तर इथे आहे.

१८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणली आणि सगळ्यांनी ऊस लावायचा सपाटा लावला. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मालकांना वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. गुलामांना मिळाली १८३९ पर्यंतची 'उमेदवारी', म्हणजे त्याच मालकाकडे तेच काम. आणि गंमत बघा, 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले ते २ नोव्हेंबर १८३४ ला. गुलामी संपायला तीन महिने बाकी असतानाच पर्याय धक्क्याला लागला होता.

त्यानंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त भारतीय करारावर तिथे गेले. १८६१ च्या जनगणनेतच बेटावर दर तीन माणसांत जवळपास दोन भारतीय होते. एका पिढीत लोकसंख्येचा तोंडवळा बदलला. आपण 'लघुभारत' म्हणतो तो या शेवटच्या अंकाला. आधीचे दोन अंक कुठे गेले?

आगाऊ_कार्टं

मस्त धागा, पण शेवटाशी असहमत. तीनात दोन भारतीय वंशाचे, पंतप्रधान जवळजवळ सगळे भारतीय वंशाचे, महाशिवरात्रीला गंगा तलावावर लाखोंनी कावडी. मग लघुभारत म्हटलं तर बिघडलं कुठे? फ्रान्सच्या लोकांना लघुफ्रान्स म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं.

दर्यावर्दी

@आगाऊ_कार्टं, बिघडलं असं नाही. पण उरलेला एक तृतीयांश माणूस त्या शब्दात बसत नाही, आणि तो त्या बेटावर तुमच्या-माझ्या नातेवाइकांच्या शंभर वर्षं आधी आलाय. आलाय कसला, आणलाय.

आकडेमोड्या

थोडे आकडे. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. अलीकडच्या जनगणनांत हिंदू सुमारे ४८ टक्के, ख्रिस्ती एक तृतीयांशाच्या जवळ (बहुतेक कॅथलिक), मुस्लिम १७-१८ टक्के. चिनी वंशाचे दोन-तीन टक्के धरतात, फ्रेंच वंशाचे गोरे दोन टक्क्यांच्या आसपास. 'धरतात' असं मुद्दाम लिहितोय, कारण १९८२ पासून जनगणनेत वंश किंवा जमात विचारतच नाहीत. धर्म विचारतात, भाषा विचारतात.

आणि आता खरी मजा. तिथल्या घटनेत चारच जमाती आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'जनरल पॉप्युलेशन'. ही चौथी जमात म्हणजे काय, तर ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो पहिल्या तिघांपैकी वाटत नाही तो. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकाच खोक्यात. उरलेसुरले म्हणून.

मोकावासी

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली काही वर्षं इथेच राहते, म्हणून लिहिते. वरचं 'उरलेसुरले' इथल्या क्रेओल लोकांना, म्हणजे गुलामांच्या वंशजांना, किती झोंबतं ते जवळून पाहिलंय. आमच्या शेजारच्या बाई म्हणतात, तुम्हाला जहाजाचं नाव सापडतं, तारीख सापडते, गाव सापडतं. आम्हाला मालकाच्या मालमत्तेच्या यादीत नुसतं एक नाव सापडतं, तेही मालकाने ठेवलेलं. यावर काय बोलणार?

१९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेटभर दंगली पेटल्या. त्यानंतर या लोकांच्या मागे पडण्याबद्दल उघड बोलणं सुरू झालं. क्रेओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये. घरात ती बोलणारे दर दहांत आठ-नऊ, त्यात आपले हिंदूही आले! बाकी भाषा कधीपासून शिकवत होते, हिचा नंबर शेवटी.

सुट्ट्यांची यादी पाहिलीत तर इथली सगळी वस्ती कळते. तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, ईद, नाताळ. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबरला गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आल्याची. आणि गणेश चतुर्थीची सुट्टी ही मराठी लोकांच्या नावावर जमा!

काजूगर

@मोकावासी ताई, गणपतीचं सविस्तर लिहा ना. आमच्या रत्नागिरीतून माणसं मॉरिशसला गेली असं लहानपणी नुसतं ऐकलंय. घरात जुनी माणसं 'मोरस साखर' म्हणायची ती तिथलीच, एवढंच माहीत.

मोकावासी

@काजूगर, लिहिते की. इथे बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा. म्हणून सरकारी सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते, विसर्जनाच्या. सकाळपासून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं बांबूच्या मखरात गणपती घेऊन समुद्राकडे किंवा नदीकडे निघतात. पुढे ढोलकी आणि झांजा, आणि बाया-पुरुष गोल धरून नाचतात. त्याला इथे 'झाकरी' म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका पायावर झोक देऊन वळायची ती लकब बघत बसले. तुमच्याकडचं जाखडी नृत्य, दुसरं काय! गाण्यातले शब्द निम्मे कळतात. गाणाऱ्यांनाही निम्मेच कळतात, पण ठेका सुटत नाही.

मराठी लोक एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर असतील. ब्लॅक रिव्हरकडचा पश्चिम भाग, कास्काव्हेल, व्हाक्वाच्या बाजूला हेन्रिएटा, असे आपले पट्टे आहेत. शाळेत मराठी हा विषय आहे, इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही आहे. घरात मराठी बोलणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आपल्या माणसाशी मराठीत बोलायला गेलं तर तो लाजून क्रेओलमध्ये उत्तर देतो, आणि आरती मात्र खणखणीत म्हणतो.

जनगणनेतही गंमत आहे. धर्माच्या रकान्यात लोक 'हिंदू' न लिहिता 'तमिळ', 'तेलुगू', 'मराठी' असं लिहितात. इथे मराठी हा धर्मही आहे.

आगाऊ_कार्टं

मराठी हा धर्म! हे वाचून इकडे काही लोकांना भरून येईल.

दर्यावर्दी

मुंबईहून गेलेल्यांबद्दल थोडं. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदराचा वाटा छोटा, एकूण दहा टक्क्यांच्याही आत. त्यातले बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले, काही घाटावरचे. १८४२-४३ मध्ये मजूर नेण्यावरची बंदी उठून भरती पुन्हा सुरू झाली तेव्हापासून साधारण वीसेक वर्षं हा ओघ होता, मग जवळपास आटला. माझ्या मते कारण सरळ आहे. १८५० च्या दशकात मुंबईत रेल्वे आली, गिरणी आली, मग अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ कापसाचा पैसा धो धो वाहिला. कोकणातल्या कुणब्याला घर सोडून मजुरीच करायची तर परळ जवळ. होळीला, गणपतीला परत येता येतं. बिहारमधल्या माणसाला तेव्हा हा पर्याय नव्हता, म्हणून मॉरिशसच्या गावागावात भोजपुरी मुरली आणि मराठी पट्ट्यापट्ट्यांत राहिली.

याच्याही आधी एक तुकडी गेली होती, ती कोणी सांगत नाही. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातले दीडेक हजार कैदी तिथे काळ्या पाण्यावर पाठवले होते. रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन बोटीवरून तिथे उतरला तेव्हा त्याने हे हिंदी कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहूनही ठेवलंय.

उपरा_नागपुरी

करारात नेमकं होतं काय? 'गिरमिट' म्हणजे फसवणूक एवढंच आपण ऐकतो. फसवणूक होती की पोटासाठी गेले?

दर्यावर्दी

@उपरा_नागपुरी, दोन्ही. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडे. गावाकडच्या मजुरीशी तुलना केली तर आकडा वाईट नाही. ग्यानबाची मेख होती 'डबल कट' नावाच्या नियमात. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलात तरी. महिनाअखेर हातात किती येत असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. करार संपलेल्या माणसालाही पास जवळ बाळगावा लागे, १८६० च्या दशकापासून त्यावर फोटो चिकटवायला लागले. पास विसरून शेजारच्या इस्टेटीत गेलात तर भटक्या म्हणून अटक. १८६७ च्या कायद्याने हा जाच इतका वाढला की आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानेच १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, आणि रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी मंडळ, बसवावं लागलं.

त्यातच १८६६ ते ६८ मलेरियाची साथ. पोर्ट लुईत माणसं पटापट मेली. ज्यांना परवडत होतं ते वर थंड पठारावर, क्युरपीपकडे सरकले. गोऱ्यांच्या हवेल्या आजही तिकडे का, तर डासांमुळे.

उपरा_नागपुरी

बरं, फिजीशी तुलना करा. तिथेही ऊस, तिथेही गिरमिटिये (१८७९ ते १९१६, साठ हजारांच्या आसपास). तिथे १९८७ आणि २००० मध्ये सरकारं उलथली, भारतीय वंशाचे लोक देश सोडून गेले. मॉरिशसमध्ये असं का झालं नाही? माझं मत असं की फिजीत मूळ रहिवासी होते आणि बहुतांश जमीन त्यांच्याच कुळांकडे राहिली. मॉरिशसमध्ये 'हा देश आधीपासून आमचा' असं म्हणायला कोणी नव्हतंच.

दर्यावर्दी

एकदम मान्य. सगळेच उपरे, त्यामुळे भांडण 'आधी कोण' यावर होत नाही. ते होतं 'कोण किती' यावर. म्हणून तिथे मोजदादीलाच राजकारणाचं वजन आलं.

आणि जमिनीचं म्हणाल तर, १८८० च्या पुढे साखरेचा भाव पडला तेव्हा गोऱ्या मालकांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. त्या घेतल्या कोणी? काटकसर करून पैसा गाठीशी बांधलेल्या भारतीयांनी, त्यात मुकादम पुढे. तिथून छोटा ऊस शेतकरी तयार झाला, त्याची मुलं शिकली आणि राजकारणात आली. सुटलेल्या गुलामांकडे ना भांडवल होतं ना कोणी उभं करणारं. ते मळे सोडून किनाऱ्याला मासेमारीत, शहरात कारागिरीत गेले. आजची दरी त्या खरेदीखतांत आहे. गोऱ्यांनी कडा विकल्या, मधला गाभा नाही. मोठ्या साखर कंपन्या अजून बऱ्याच अंशी त्याच घराण्यांच्या.

आकडेमोड्या

'कोण किती' वरून सांगतो. १९४८ च्या आधी मतदार होते सुमारे १२ हजार. १९४७ च्या घटनेने आपापल्या भाषेत साधं वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिलं आणि यादी ७० हजारांच्या वर गेली. बासदेव बिसुनदयाल यांच्या माणसांनी गावोगावच्या 'बैठकां'मध्ये रात्री लोकांना सही आणि दोन ओळी शिकवल्या. पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या शिवसागर रामगुलाम यांचं राजकारण त्या मतांवर उभं राहिलं.

मग अल्पसंख्याक घाबरले. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली! जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिमांत दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, आणि १२ मार्चला स्वातंत्र्य. त्या सुमारास कितीतरी क्रेओल आणि गोरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली.

या भीतीवर तोडगा म्हणून निवडणुकीआधीच निघाली होती 'बेस्ट लूझर' पद्धत. संसदेत ६२ निवडून येतात. मग ज्या जमातीला कमी जागा मिळाल्या तिचे हरलेल्यांतले वरचे उमेदवार जास्तीत जास्त आठ जागांवर घेतात. हिशोब कशावर? १९७२ च्या जनगणनेवर. कारण नंतर जमात मोजलीच नाही! पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या प्रमाणात आजच्या जागा वाटायच्या. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही यावर बोट ठेवलं.

मोकावासी

आणि मराठी माणूस तिथे 'हिंदू' खोक्यात. त्या खोक्यात पुन्हा भोजपुरीवाले मोठे भाऊ, बाकी आम्ही धाकटे. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी छापला तर तमिळ लोक रस्त्यावर आले, 'आम्ही आधी आलो' म्हणून. सरकारला नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. @दर्यावर्दी, 'आधी कोण' यावर भांडण होत नाही म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगितलं. होतं, पण घरातल्या घरात.

आगाऊ_कार्टं

जातीचं काय? जहाजात बसल्यावर जात गळून पडली म्हणतात.

मोकावासी

स्वयंपाकघरातलं सोवळंओवळं गेलं, ते खरं. एकाच बराकीत राहायचं, बायका कमी, लग्नं जमतील तशी झाली. पण निवडणुकीच्या वेळी मतदारसंघात वैश जातीचे किती आणि कोण किती याची कुजबुज इथेही होतेच. मराठी लोकांत जात विचारत नाहीत, निदान मला कोणी विचारली नाही. जुन्या नोंदींत मात्र कुणबी, मराठा, महार असे उल्लेख आहेत.

पडवीतला_म्हातारा

वाचतोय. चागोस बेटांबद्दल कोणी लिहिलं नाही. स्वातंत्र्याच्या आधी १९६५ मध्ये इंग्रजांनी ती मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावरच्या अमेरिकी तळासाठी १९७३ पर्यंत तिथले दीड-दोन हजार लोक उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडले. तेही बहुतेक गुलामांचेच वंशज. एका साम्राज्याने, म्हणजे फ्रेंचांनी, बेटं वसवली आणि दुसऱ्याने रिकामी केली. मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याचा करार झाला, पण तळ राहणारच आहे.

काजूगर

@पडवीतला_म्हातारा, काका, धन्यवाद. हे माहीतच नव्हतं.

@मोकावासी ताई, एक काम होतं. आमच्या ओळखीत मॉरिशसचे एक गृहस्थ आहेत. त्यांना रत्नागिरीतलं मूळ गाव शोधायचंय. २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड) देण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतलाय. आडनाव 'रामजी' आहे. असं आडनाव आमच्याकडे नाहीच!

मोकावासी

@काजूगर, ते आडनाव नाहीच मुळी. इथे उतरल्यावर कारकुनाने माणसाचं किंवा बापाचं पहिलं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव म्हणून चिकटलं. त्यामुळे रामजी, बाबाजी, सखाराम अशी आडनावं इथे सर्रास. त्यावरून गाव शोधायला जाऊ नका.

आधी त्यांनी आपल्या घरातल्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून मागे जात पहिल्या पूर्वजाचा क्रमांक शोधावा. प्रत्येक मजुराला क्रमांक होता. मग मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या आहेत, तिथून वंशजांना उतारा मिळतो. त्यात जहाज, वय, बापाचं नाव, जात, अंगावरच्या खुणा, जिल्हा, नशीब असेल तर गाव. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. मोठ्याने वाचून बघा, कानाला काय ऐकू येतं ते धरा.

दर्यावर्दी

@काजूगर, आणि 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे आजचा समजू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरीतच होतं. शोध तळकोकणापर्यंत न्यायला लागेल.

काजूगर

बापरे, मग अर्धं कोकण पालथं घालायचं. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यांनी पाठवलेल्या पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्याचा फोटो आहे. खाली कोपऱ्यात सहा आकडी काहीतरी लिहिलंय, तोच क्रमांक असेल का बघा.